पेलागियाच्या नावाने बोललेला नवस

माझी चूक एकच झाली, आणि तिचं वजन दोन किलो होतं. शेजारच्या झाफिरोने पुढे केलेला चीजचा डबा मी हातात घेतला. बाकी जे काही झालं ते समुद्र शांत होता म्हणून झालं, आणि समुद्रावर माझी सत्ता चालत नाही. (होडीवरही चालत नाही, असं पेलागिया म्हणते. पण तिचं ऐकायचं ठरवलं तर मग आपण काय आहोत, हाच प्रश्न पडेल.)

पेलागिया म्हणजे माझी बायको. आमच्या इराक्लिया बेटावर वाढदिवसाला कुणी कुणाला विचारत नाही, पण नावाचा दिवस कुणी सोडत नाही. ज्या संताचं नाव तुम्हाला ठेवलंय, त्या संताच्या दिवशी सगळं गाव तुमच्या दारात. बोलावणं नसतं. बोलावलं तर उलट लोक रागावतात, 'म्हणजे न बोलावता आलो असतो तर चाललं नसतं का?' म्हणून. संत पेलागियाचा दिवस आठ ऑक्टोबर. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, आणि त्रेचाळीस वेळा पाच ऑक्टोबरपासून तिचे हात पिठात आणि आठ तारखेच्या संध्याकाळी पाय सुजलेले.

या सप्टेंबरात ती भांडी घासता घासता म्हणाली, "याकूमी, यंदा माझ्या नावाच्या दिवशी मला बसायचंय."

"बस की. सहा खुर्च्या आहेत घरात."

"खुर्च्यांवर गाव बसतं. मी उभी असते. मला पाण्यात पाय सोडून बसायचंय, आणि कुणी 'पेलागिया, जरा लिंबू आण गं' म्हणायला नको. एक दिवस. एकच."

मी विचार केला. (मला विचार करायला वेळ लागतो, पण एकदा केला की तो पक्का असतो.) अथेन्समधले लोक म्हणे वर्तमानपत्रात छापून टाकतात की यंदा अमक्या बाई पाहुणे घेणार नाहीत. आमच्याकडे दारावर तसा कागद लावला तर घरात कुणीतरी गेलं असं समजून दुप्पट लोक सांत्वनाला येतील. तेव्हा उपाय एकच. घरातच राहायचं नाही.

"आपण होडीने जाऊ," मी म्हणालो. "स्खिनूसा, कूफोनीसी, अमोर्गोस. आरामात. आणि आठ तारखेला कावुरीवर."

कावुरी हा मधल्या समुद्रातला एक खडक आहे. वर संत पेलागियाचंच एक चर्च आहे, आपल्या स्वयंपाकघराएवढं. दहा-बारा वर्षांत तिथे पूजा झालेली नाही. खेकडे राहतात.

पेलागियाचा हात भांड्यातच थांबला. लग्नाच्या वर्षी मी तिला तिथे नेलं होतं. त्यानंतर माझी होडी मासे, कांदे, सिमेंट, एकदा तर अख्खं कपाट वाहत राहिली, पण बायकोला फिरवायचं काही जमलं नाही.

"दोन अटी," ती म्हणाली. "होडीत आपण दोघंच. आणि आठ तारखेला आपण कुठे असणार, हे तू कुणालाही सांगायचं नाहीस."

"मी? सांगणार?"

तिने संत निकोलसच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. मी तसबिरीवर हात ठेवून शब्द दिला.

आता झाफिरो. ही आमची शेजारीण, विधवा बाई, कोंबड्यांना दाणे टाकायला आम्ही तिलाच सांगितलं होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ती डबा घेऊन आली. "तुम्ही स्खिनूसाला जाताच आहात, तर माझ्या बहिणीला एवढं चीज द्या. मोस्काला. दोनच किलो आहे."

दोन किलोला नाही म्हणणारा माणूस आमच्या बेटावर जन्मलेला नाही. मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो तर लोक रांगेत उभे. "झाफिरोचं घेतलंस, मग माझं का नाही?" या प्रश्नाला उत्तर आहे का तुमच्याकडे? माझ्याकडे नव्हतं. केपरच्या कळ्यांच्या लोणच्याच्या चार बरण्या. शिवणयंत्राचं डोकं. नातीच्या बारशाचा फ्रॉक, तो चुरगळू नये म्हणून उभाच धरायचा. रुमालात बांधलेली एक कवळी. कूफोनीसीचा लिनार्दोस ऑगस्टमध्ये आमच्या जत्रेला आला होता, तो नाचताना विसरून गेला होता. आणखी काय काय ते आता आठवत नाही.

पेलागिया होडीत टोपी घालून बसली होती. नवी गवती टोपी, निळ्या रिबिनीची. तिने बरण्यांकडे पाहिलं, फ्रॉककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोघंच ठरलं होतं."

"दोघंच आहोत," मी म्हणालो. "कवळीला मी माणूस धरत नाही."

शीड भरलं. स्खिनूसा तासाभरावर. माझ्यासारखा चाळीस वर्षांचा अनुभवी माणूस सुकाणूवर असला की तो तास कळतही नाही. पेलागियाला कळला, कारण फ्रॉक तिच्या हातात होता.

मोस्काने डबा घेतला, आम्हाला बसवलं, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण वाढलं, कांदा वाढला, वाइन ओतली. नंतर डबा परत दिला, तो डाळीने भरून. आमच्या बेटांवर कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही. हे मला जन्मापासून ठाऊक आहे, पण अकरा घरांची अकरा भांडी घेऊन आपण निघालो आहोत, हा हिशोब तेव्हा डोक्यात आला नाही.

पेलागिया मागच्या अंगणात डाळिंबं बघायला गेली आणि मोस्काने मला पकडलं.

"गुरुवारी पेलागियाचा दिवस. इथेच थांबा. आम्ही करतो सगळं."

"नको गं."

"का नको? आमचं घर लहान आहे म्हणून?"

"तसं नाही."

"मग बहिणीकडचं चीज चालतं, माझ्या हातचं चालत नाही?"

बाईच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी साधा माणूस आहे, मला बाईचं रडणं बघवत नाही. आणि अशा वेळी मला फार पटकन सुचतं. (वर्षातून एकदा.) मी म्हणालो, "अगं, तिचा नवस आहे! कावुरीच्या चर्चमध्ये त्या दिवशी दिवा लावायचा."

बघा, किती चोख काम. नवसाच्या आड कुणी येत नाही. मोस्काने लगेच छातीवर क्रूसाची खूण केली आणि डोळे पुसले. मी कुणाला बोलावलं नव्हतं. संतांना दिलेला शब्दही मोडला असं मला वाटलं नाही. आम्ही कुठे असणार ते मी सांगितलं नव्हतं. नवस कुठे असणार तेवढं सांगितलं होतं.

कूफोनीसीला पोचलो तेव्हा धक्क्यावर लिनार्दोस तोंड उघडं टाकून उभा होता. कवळी घातली, दोनदा दात वाजवून पाहिले, आणि पहिलं वाक्य बोलला, "बायकोचा गुडघा बरा झाला म्हणे!"

"कुणी सांगितलं?"

"मोस्काने फोन केला ना. म्हणाली, चालता येत नव्हतं, नवस बोलली, आणि आता डोंगर चढते."

पेलागिया होडीत डाळीचे डबे रचत होती. तिला ऐकू गेलं नाही. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, मानेला व्यायाम असतो तो.

"अरे, मग बकरा नको का?" लिनार्दोस म्हणाला. "नवस म्हणजे बकरा आला! दोन महिने मी भिजवलेला पाव खाल्लाय याकूमी, तू मला दात आणून दिलेस. बकरा माझ्याकडून."

आणि त्याने खरंच आणला. काळा, पांढऱ्या कपाळाचा, अंगात मस्ती असलेला.

"हे काय?" पेलागियाने विचारलं.

"हा... अमोर्गोसच्या पाद्रीबाबांचा. पोचवायचाय."

"बरण्या घेतल्यास, मी गप्प बसले. शिवणयंत्र पायाशी घेऊन झोपले, गप्प बसले. आता बकरा?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

बकऱ्याने पहिल्या तासात तिच्या टोपीची रिबीन खाल्ली. दुसऱ्या तासात टोपी. पेलागिया फक्त एवढंच म्हणाली, "कावुरी येऊ दे." त्रेचाळीस वर्षांत या बाईने माझ्याकडे काय मागितलं? एक दिवस. तो तिला मिळालाच पाहिजे, असं मी सुकाणूला घट्ट धरून ठरवलं. माझ्या हातून तो जाणार नाही, याची मला पूर्ण खात्री होती.

इराक्लियाहून निघताना होडीच्या अंगावरचा लाल पट्टा पाण्याच्या वर वीतभर दिसत होता. अमोर्गोसला लागेपर्यंत तो दिसेनासा झाला. डाळ, अंजिरं, ऑलिव्ह तेल, मध घातलेली राकीची दारू, लोणच्यातला ऑक्टोपस. जे दिलं त्याच्या दुप्पट परत येत होतं. पेलागिया म्हणाली, "लोक सहलीहून सडपातळ होऊन येतात. आपली होडी बघ."

अमोर्गोसच्या धक्क्यावर पाद्री मानोलिस स्वतः उभे. दाढी विंचरलेली. "याकूमी! डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणे!"

पेलागिया होडीत बकऱ्याच्या तोंडातून दोर ओढून काढत होती.

"तसं... हळू बोला, बाबा," मी म्हणालो.

"हळू कसं? बारा वर्षं त्या चर्चमध्ये घंटा वाजली नाही. मी स्वतः येतो. सकाळी प्रार्थना करू. आणि हा बकरा उद्या तिथेच आण, बटाटे मी आणतो."

"बाबा, तुम्ही कशाला तसदी घेता? समुद्र आहे, वय आहे..."

"समुद्र तेलासारखा आहे, आणि वय तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी कमी आहे." मग होडीकडे बघून मोठ्याने, "पेलागिया, मुली, उद्या भेटू!"

धक्का सोडल्यावर पेलागियाने विचारलं, "उद्या भेटू म्हणजे काय?"

"पाद्री लोक तसंच म्हणतात. उद्या म्हणजे... कधीतरी. स्वर्गात वगैरे."

"आणि बकरा का नाही घेतला त्यांनी?"

"त्यांच्याकडे चुना मारणं चालू आहे. बकरा पांढरा होईल."

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मी शिडाकडे पाहिलं. शिडाला दुरुस्तीची काहीच गरज नव्हती, पण मी ती केली. मनात म्हटलं, एक म्हातारा पाद्री. येईल, प्रार्थना म्हणेल, जाईल. अर्ध्या तासाचं काम. पेलागियाला उलट बरंच वाटेल.

आठ तारखेची सकाळ. ऑक्टोबरात आमच्याकडे चार दिवस उन्हाळा परत येतो, तसला दिवस. पाण्यावर सुरकुती नाही. चर्चची किल्ली दाराशेजारच्या दगडाखालीच होती, लग्नाच्या वर्षी होती तशीच. पेलागियाने दिवा लावला, बाहेर आली, चपला काढल्या, खडकावर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मी कॉफी केली. तिच्या हातात दिली. तिने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"याकूमी," ती म्हणाली, "तुझ्याकडून हे होईल असं मला वाटलं नव्हतं."

मी छाती फुगवून उभा राहिलो. त्या फुगलेल्या छातीसकट मला तो आवाज ऐकू आला. टक टक टक टक. इंजिन.

तिने डोळे उघडले नाहीत. "कोण आहे?"

"मासेमार असेल कुणी."

"मासेमार घंटा घेऊन जातो का?"

कारण पाद्री मानोलिस होडीच्या टोकावर उभे राहून हातातली घंटा वाजवत होते. त्यांच्या मागे बटाट्याची पोती. पोत्यांच्या मागे माणसं. त्या होडीच्या मागे दुसरी होडी, तिच्यात लिनार्दोस, सगळे दात दाखवत. तिसऱ्या होडीत मोस्का आणि स्खिनूसाच्या बायका, मांडीवर ताटं. चौथी होडी मी ओळखली, कारण ती आमच्याच धक्क्यावरची होती. तिच्यात अख्खं इराक्लिया बसलं होतं. पुढे झाफिरो उभी राहून ओरडत होती, "पेलागिया! काळजी करू नकोस, कोंबड्यांना घालून आलेय!"

पेलागियाने पाय बाहेर काढले नाहीत. फक्त मान वळवली. त्रेचाळीस वर्षांत तिने मला पुष्कळ वेळा पाहिलंय, पण तसं नाही.

"तू सांगितलंस."

"मी कुणाला बोलावलं नाही," मी म्हणालो. हे अगदी खरं होतं.

तोवर बायका खडकावर उतरून तिला मिठ्या मारायला लागल्या. "खूप वर्षं जग!" "नवस फळला गं तुझा!" "गुडघा बघू!" "हृदयाला आता कसं वाटतं?"

"कसला नवस?" पेलागिया म्हणाली.

सगळं शांत झालं. साठ-सत्तर माणसं, आणि कुणी हलेना. बकरासुद्धा चघळायचा थांबला. पाद्री मानोलिसनी घंटा खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं, पण तिकडेही होड्याच होत्या. संताच्या नावाने खोटं बोलणारा माणूस आमच्या बेटांवर पुन्हा कुणाच्या ओसरीवर बसत नाही. हे पाद्रीबाबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि पेलागियाला तर ठाऊक होतंच. तिने एक शब्द काढला असता की मी संपलो असतो. आणि तिचा दिवस तर मी संपवलाच होता, मग तिने का गप्प बसावं?

तिने कॉफीचा उरलेला घोट घेतला. कप मला दिला.

"हो," ती मोठ्याने म्हणाली. "नवस आहे माझा. याकूमीने अर्धाच सांगितला वाटतं. विसरला असेल, वय झालंय."

मी जोरात मान हलवली. या वेळी व्यायाम म्हणून नव्हे.

"नवस असा आहे. संत पेलागियाच्या दिवशी, सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत, मी पाण्यातून पाय काढायचे नाहीत. आणि आलेल्या प्रत्येकाला माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने रांधून वाढायचं. एकट्याने. कुणी मदत केली तर नवस मोडतो."

बायकांमधून एक असा हुंकार निघाला की खेकडे बिळात गेले. झाफिरो म्हणाली, "हा नवस कुठे बोलतात गं? आम्हालाही सांग."

"आणि किती वर्षं?" पाद्रीबाबांनी विचारलं. त्यांना अशा गोष्टी नीट लागतात.

"मी केलं तेवढी. त्रेचाळीस."

पाद्रीबाबांनी बोटांवर मोजलं. "याकूमी, शेवटच्या वर्षी तू एकशे चौदाचा असशील."

"माझी तब्येत चांगली आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग मी रांधलं. बटाटे घालून बकरा, सत्तर माणसांचा. मी मासे भाजू शकतो, कॉफी करू शकतो, आणि त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की तेवढ्यात सगळा स्वयंपाक आला. मीठ मी दोनदा घातलं, कारण पहिल्यांदा घातलेलं दिसेना. लिनार्दोस नव्या उत्साहाने चावायला बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "याकूमी, हाच बकरा आहे ना? की त्याने खाल्लेला दोर?"

"याकूमी, पाणी!"

"याकूमी, जरा लिंबू आण रे!"

हे लिंबाचं मोस्काने म्हटलं. पेलागिया खडकावरून हसली. इतकी हसली की तिच्या पायांनी पाणी उडालं. दिवसभर ती तिथेच बसून होती. एकेक बाई तिच्याशेजारी जाऊन बसायची, पाय पाण्यात सोडायची. दुपारपर्यंत बायकांची रांगच्या रांग पाण्यात पाय घालून बसली होती, आणि मी ताटं घेऊन त्यांच्या मागून खाली वाकत फिरत होतो. पाद्रीबाबांनी व्हायोलिनवाला आणला होता. बाहेर नाच झाला, आत दिवा जळत राहिला. खरं सांगतो, तसा नावाचा दिवस तिचा आजवर झाला नव्हता. (तो घडवून कुणी आणला, हे मी तिथे बोललो नाही. मला मोठेपणा नको असतो.)

संध्याकाळी सगळे गेले. जाताना प्रत्येकाने आपलं ताट, परात, टोप तिथेच ठेवला. "राहू दे, सावकाश पाठव," म्हणाले. मी समुद्राच्या पाण्यात सगळी भांडी घासली. छत्तीस भरली.

"पेलागिया," घरी परतताना मी म्हणालो, "ही भांडी आता परत करायची म्हणजे..."

"रिकामी जाता कामा नयेत," ती म्हणाली.

नंतरचा आठवडा मी स्वयंपाकघरात काढला. तिळाच्या वड्या, बिस्किटं, रताळ्याचे काप, अर्धे जळलेले, अर्धे कच्चे. ती खुर्चीवर बसून "अजून" किंवा "पुरे" एवढंच म्हणायची. मग छत्तीस भरलेली भांडी मी होडीत रचली. स्खिनूसा, कूफोनीसी, अमोर्गोस. लाल पट्टा पुन्हा पाण्याखाली.

पेलागिया धक्क्यावर आली. स्वतः दोर सोडला.

"आरामात जा हं," ती म्हणाली. "अजिबात घाई करू नकोस."

मला भरून आलं. बायको म्हणजे शेवटी बायको. बंदराच्या तोंडाशी पोचल्यावर मी हात हलवायला मागे वळलो, तर ती धक्क्यावर नव्हती. वर घराकडे पाहिलं. खिडक्या लागत होत्या, एक एक करून. शेवटी दार लागलं, आणि दारावर एक पांढरा कागद दिसला. मी शाळेत तीनच वर्षं गेलो, पण तिने अक्षरं एवढी मोठी काढली होती की समुद्रातूनही वाचता आली.

'पेलागिया पाहुणे घेणार नाही. नवरा आला तर त्यालाही पाहुणाच समजावं.'